आमची गुंडाळी, तुमची वळकटी

प्रिय ताई,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी नुसतं हं हं करत राहिले, त्याचं तुला वाईट वाटलं असेल. तू आभार मानत होतीस. चौकशीत मी आमच्या साहेबांच्या समोर उभी राहून बोलले, वर्तमानपत्रात माझं नाव आलं, खालच्या गावात सगळे म्हणतात की तुझ्या आत्येबहिणीनं नोकरीचीसुद्धा पर्वा केली नाही. तुझे बाबा, आमचे मामा, असते तर त्यांची छाती फुगली असती, असंही तू म्हणालीस. आणि मग फोन ठेवता ठेवता, अगदी सहज, बाजारातून काही आणायचं राहिलं असं सांगावं तसं म्हणालीस की तू मामीशी, स्वतःच्या आईशी, अजून बोलत नाहीस. त्या वाक्यानंतर माझं कशातच लक्ष लागलेलं नाही. म्हणून लिहायला बसले आहे. पत्र लांबेल. पण मधलं काही गाळून शेवट वाचू नकोस, एवढं ऐक.

मामीवर काय आळ आहे ते मला माहीत आहे, आमच्या आईच्या कानावर सगळं येतं. मामांच्या दुकानासमोरच्या खांबावर कारखान्याच्या मांसाबद्दलची सूचना चिकटवलेली होती. ती वाचूनच ते न्याहारीला घरी आले होते. तरी मामीनं ते मांस तव्यावर गरम करून ताटात वाढलं, आणि मामा गेले. मामी म्हणते की त्यांनी दुकानातून फोन करून कुणालातरी विचारलं होतं आणि घरी येऊन सांगितलं होतं, "विचारलंय मी, आपलं आपल्याला चालतं, टाक तव्यावर." कुणाला विचारलं, ते तिला ठाऊक नाही. यावर तुझे थोरले काका म्हणतात की नवरा आता बोलायला नाही, म्हणून ही त्याच्या तोंडी घालते आहे. आणि तुला दवाखान्यातलं आठवतं. डॉक्टरांनी विचारलं, सूचना पाहिली नव्हती का. मामा म्हणाले, पाहिली होती. मग खाल्लंत कसं, असं विचारल्यावर त्यांनी मान फिरवली आणि म्हणाले, "असू दे." त्या दोन शब्दांवरून तू ठरवलंस की ते बायकोला पाठीशी घालत होते. मीही तिथेच उभी होते, ताई, आणि मलाही तसंच वाटलं होतं.

आपल्या दोन घरांतलं हे भांडण किती जुनं. माझे आईबाबा एकमेकांना पहिल्यांदा भेटले तेव्हाही म्हणे आधी यावरूनच जुंपली. एकच मांस, खारवलेलं, फडक्यात घट्ट गुंडाळून दोऱ्यानं आवळलेलं आणि धुरावर टांगलेलं. पुलाच्या अलीकडे आम्ही त्याला गुंडाळी म्हणायचं, पलीकडे तुम्ही वळकटी. आमच्याकडे कागदासारखे पातळ काप, कडेला चार चिरा, आणि करपायला येईपर्यंत तव्यावर. तुमच्याकडे बोटभर जाड तुकडा, नुसता गरम केलेला, आत गुलाबी. बाबा मामांना विचारायचे, "काय मेव्हणे, वळकटी सकाळी खाता की रात्री पसरून झोपता?" मामा लगेच म्हणायचे, "भाऊजी, आम्ही निदान गिऱ्हाइकाला गुंडाळत तरी नाही." दर भेटीत तेच. आपण दोघी पोटमाळ्यावर बसून पैज लावायचो की आज पहिला वार कोण करणार. आई लग्न होऊन वरच्या गावात आली, पण एवढ्या वर्षांत तिनं एकदाही गुंडाळी हा शब्द तोंडातून काढला नाही. दुकानात जाऊन वळकटीच मागायची. दुकानदार म्हणायचा, "वहिनी, ती मिळत नाही इथं." मग ही बोट दाखवून म्हणायची, "ती काय, समोर टांगली आहे."

ते दोघं एकमेकांशी साधं बोलल्याचं तुला आठवतं का? मला नाही आठवत. आजोबा गेले तेव्हासुद्धा बाबा मामांना म्हणाले होते, "आता तुम्हाला शिव्या द्यायचं काम माझ्या एकट्यावर आलं," आणि मामा रडता रडता हसले होते. मामांना काही हवं असलं की ते टोमणा मारायचे, आणि बाबा त्या टोमण्यातून मागणी बरोबर ओळखायचे. आमचा तराजू बिघडला होता तेव्हा मामा येऊन म्हणाले, "भाऊजी, तुमच्या घरात एक तरी गोष्ट सरळ आहे का," आणि खिशातून पाना काढून दुरुस्तीला बसले. वजनकाटे दुरुस्त करणारा माणूस, बोलण्यात मात्र एक पारडं कायम मुद्दाम वर ठेवणारा. मला पदवी मिळाली त्या दिवशी ते म्हणाले, "चला, आता घरात निदान एकीला तरी सूचना वाचता येईल." सगळे हसले. मीही हसले.

बाबा कारखान्यात बांधणीच्या खोलीत आहेत, हे तुला माहीत आहे. फडक्यात गुंडाळलेल्या मांसावर दोरा फिरवून गाठ मारायची, हेच काम वर्षानुवर्षं. त्यांची बोटं बघ कधी, पहिल्या पेरावर दोऱ्याच्या खाचा पडल्या आहेत. तिथून माल धुराच्या भट्टीत जातो, आणि भट्टीतून निघाल्यावर त्याला कागद लागतो. वरच्या गावाला जाणाऱ्या मालावर लाल कागद, त्यावर गुंडाळी. खालच्या गावाला निळा, त्यावर वळकटी. माल तोच, भट्टीही तीच. मालकांना दोन्हीकडे खपवायचं होतं, म्हणून दोन कागद. पण बाबा मामांना वेगळंच सांगायचे. "तुमची भट्टी वेगळी आहे, मेव्हणे. कोपऱ्यात आहे, लहान. तिथं ओली लाकडं जाळतात, तुम्हाला फरक कळत नाही म्हणून." आणि मामा उलट खूश व्हायचे. म्हणायचे, "म्हणजे कबूल केलंत, आमचा माल वेगळा." गिऱ्हाइकांनासुद्धा सांगायचे ते, की माझे भाऊजी आतले आहेत, आपल्याला वेगळी भट्टी आहे.

मग कारखान्याची थंड खोली बंद पडली. आतलं मांस आंबट झालं तरी मालकांनी ते भट्टीत घालायला लावलं, धुरानं वास जातो म्हणून. हे सगळं आता चौकशीत बाहेर आलं आहे, पुन्हा लिहीत नाही. आमच्या आरोग्य कचेरीत पहिला आजारी माणूस आला तो वरच्या गावातला. त्याच्या घरातून आणलेल्या मालावर लाल कागद होता. साहेबांनी सूचना तयार केली की या कारखान्याची गुंडाळी कुणीही खाऊ नये, घरात असल्यास कचेरीत आणून द्यावी. मी म्हटलं, साहेब, वळकटी असंही घालू या. खालच्या गावात दुसरं नाव आहे, तिथं लोक समजतील ही वरच्यांची भानगड आहे. ते म्हणाले, "बाई, सरकारी कागदावर टोपणनावं नसतात. आमच्या यादीत एकच नाव आहे." मी पुन्हा म्हटलं. ते म्हणाले, "माणसं आहेत की लहान मुलं? कारखाना एकच आहे ना, कळेल त्यांना." सूचना तशीच छापली. पुलाच्या अलीकडच्या लोकांनी दुपारपर्यंत पिशव्या भरभरून माल आणून टाकला. तुमच्याकडे लोकांनी सूचना वाचली आणि घरी जाऊन न्याहारी केली. काहींनी तर आम्हा वरच्यांना चांगली अद्दल घडली म्हणून जरा जास्तच केली, असं नंतर कळलं. आमच्याकडे दोन माणसं आजारी पडली आणि वाचली. तुमच्याकडे किती गेले ते मी तुला सांगायला नको.

मामांना दवाखान्यात पाहायला आले तो दिवस मला विसरता येत नाही. पापण्या वर राहत नव्हत्या, म्हणून त्यांनी एका बोटानं डोळा उघडून धरला होता. मला म्हणाले, "दोन-दोन दिसते आहेस. एकीला पगार देतात का दोघींना?" आवाज घोगरा झाला होता, पाणी नाकातून परत येत होतं, आणि तरी हे. तू बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभी राहिलीस. संध्याकाळी श्वासाचं यंत्र लावलं. त्यानंतर ते कुणाशीच बोलले नाहीत. बाबा रोज यायचे. आत जायचे नाहीत, त्या लांब बाकावर बसून राहायचे. आपण म्हणायचो, बघ, आता कळतं आहे त्यांना मेव्हण्यावर किती जीव होता. एकदाच ते आत गेले, आणि लगेच बाहेर आले. आईनं विचारलं, काय झालं. म्हणाले, "काही नाही. त्यानं हात धरला."

चौकशीत मी जे बोलले ते तुला माहीत आहे. साहेबांनी लिहून दिलं होतं की सूचना वेळेत लावली होती, जनतेनं दुर्लक्ष केलं. मी सांगितलं की जनतेनं दुर्लक्ष केलं नाही, जनतेला तिच्या भाषेत सांगितलंच नव्हतं, आणि मी दोनदा सुचवूनही दुसरं नाव घातलं नाही. ते बोलताना आतून बरं वाटत होतं. वाटलं, यासाठीच शिकले. आमच्या घरात कुणाला अर्जसुद्धा लिहिता येत नव्हता, आणि आज मी मेलेल्या माणसांच्या बाजूनं लेखी बोलते आहे. घरी आले ती जवळजवळ पळतच. बाबा मागच्या अंगणात पाण्याच्या पिंपाजवळ बसले होते. मी सगळं सांगितलं. मला वाटलं ते डोक्यावर हात ठेवतील. त्यांनी विचारलं, "म्हणजे आता लोक म्हणतील, कागदामुळे गेले?" मी म्हटलं, हो, आणि ते खरंच आहे. त्यांनी पिंपातून तांब्याभर पाणी काढलं आणि तसंच परत ओतलं. मग म्हणाले, "बाकीच्यांचं खरं असेल. आमच्या मेव्हण्याचं नाही."

ताई, मामांनी त्या सकाळी फोन केला होता तो बाबांना.

बाबा कारखान्याच्या फाटकात उभे होते. आत सोडत नव्हते, कुलूप लागलं होतं. येणारेजाणारे कामगारांना नावं ठेवत होते, एका बाईनं त्यांच्यासमोर पिशवी आपटली होती. उभं आयुष्य ज्या मालाला गाठी मारल्या तो माल लोक नाक धरून कचेरीच्या गाडीत फेकत होते. तेवढ्यात मामांचा फोन. मामा म्हणाले, "काय भाऊजी, सडली म्हणे तुमची गुंडाळी?" बाबांना वाटलं, हाही आला मीठ चोळायला. ते म्हणाले, "आमची सडली. तुम्हाला काय त्याचं, तुमची भट्टी वेगळी. खा पोटभर." मामा हसले. म्हणाले, "बघा हं, नंतर म्हणाल सांगितलं नाही." बाबा म्हणाले, "जा हो, वळकटी थंड होते आहे." आणि फोन ठेवला. एवढंच. मामा नेहमीसारखं टोमण्यातून विचारत होते, आणि त्या एका सकाळी बाबांना ते ऐकू आलं नाही. बाबा मला म्हणाले, "मला वाटलं त्याला माहीत आहे. सगळ्या जगाला माहीत आहे, एकच भट्टी आहे. मी तर त्याची थट्टा करत होतो." मग म्हणाले, "एवढी वर्षं तो ती थट्टा खरी मानत होता, हे मला कसं कळलं नाही?"  

मी त्यांना विचारलं, मामीवर आळ येतो आहे हे ठाऊक असून तुम्ही गप्प का बसलात. ते म्हणाले, "आज सांगतो, उद्या सांगतो, असं म्हणत राहिलो. पहिल्या दिवशी तो जगेल असं वाटत होतं. मग तो गेला. मग तुझी आई रडत होती. मग प्रत्येक दिवस आदल्या दिवसापेक्षा कठीण होत गेला." मी त्यांचं समर्थन करत नाही. मी त्यांची मुलगी आहे, म्हणून तसं वाटलंच तर ते माझ्या लिहिण्यातला दोष समज. ते भित्रे ठरले, आणि त्याची शिक्षा मामी भोगते आहे.

आईला त्यांनी माझ्यासमोरच सांगितलं. ती भाजी निवडत होती. ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "फोनवर तो हसला?" बाबा म्हणाले, "हसला." तिनं निवडलेली भाजी आणि देठं सगळं एकाच परातीत ढकललं आणि आतल्या खोलीत गेली. तेव्हापासून ती बाबांना जेवायला वाढते, कपडे धुते, औषध हातावर ठेवते, पण बोलत नाही. तिचा भाऊ गेला, आणि ज्यांच्या बोलण्यामुळे गेला त्यांच्याबरोबर एका घरात राहायचं आहे. मी दोघांच्या मधे बसून जेवते. कुणाला काय हवं ते मीच विचारते. काल आई मला म्हणाली, "वहिनीला कळायला हवं. तू लिही. मला लिहिता येत नाही, आणि त्यांना जमणार नाही." एवढी वर्षं मला वाटायचं की खरं बोलायला धीर लागतो तो साहेबांसमोर, सभेत, परक्या माणसांसमोर. तिथं मला टाळ्या मिळाल्या. हे पत्र लिहायला घेतलं आणि चार वेळा फाडलं.

आता हे कशासाठी, ते सांगते. रविवारी तुझ्याकडे सगळे जमणार आहेत, आणि तुझे थोरले काका मामीला माहेरी धाडायचं म्हणत आहेत, हे आईला कळलं आहे. त्याच्याआधी हे पत्र तुझ्या हातात पडावं म्हणून आजच टाकते आहे. सगळ्यांसमोर मोठ्यानं वाच. मामी खोटं बोलत नाही. मामांनी विचारलं होतं, आणि त्यांना 'खा' असं सांगितलं गेलं होतं. दवाखान्यात 'असू दे' म्हणाले तेव्हा ते माझ्या बाबांना वाचवत होते. बाबा रविवारी येणार आहेत, स्वतः सांगणार आहेत. पत्र आधी का, असं मी विचारलं तर म्हणाले, "त्यांना आधी कळू दे. मग दार उघडायचं की नाही, ते ठरवता येईल त्यांना." फोन मी मुद्दाम केला नाही. आपल्या घरांत फोनवर कुणी कधी सरळ बोललेलं नाही. तू चौकशीतल्या बोलण्याबद्दल माझे आभार मानलेस, ते परत घे, मला ते ठेवून घेता येत नाहीत. आम्हाला माफ कर असं मी म्हणत नाही, ते मागण्याचा हक्क बाबांचा, आणि देण्याचा मामीचा. माझं एकच मागणं आहे. हे वाचून झालं की आधी तुझ्या आईकडे जा आणि तिच्याशी बोल. आमच्यावर रागवायला पुढे उभं आयुष्य पडलं आहे.

तू अजूनही आपलं म्हणालीस तर तुझीच,
धाकटी